होडीतल्या हेमलता मिस

हेमलता मिस गणित शिकवतात आणि पाण्याला भितात. पहिली गोष्ट सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या शाळेत चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येते. दुसरी नववीच्या मुलींनी मागच्या सहलीत हेरली होती. सगळे धबधब्यासमोर फोटो काढत होते आणि मिस धबधब्याकडे पाठ करून चिवडा वाटत बसल्या होत्या.

यंदाची मोहीम जाहीर झाली: एक दिवस डोंगर, दोन दिवस नदीतून कयाक. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. बरोबर जाणाऱ्या स्मृती मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि शाळेने सांगून टाकलं की शिक्षिका नसेल तर मुली जाणार नाहीत. खेळाचे रघुनंदन सर मुलींची समजूत घालत राहिले, "गर्ल्स, नेक्स्ट इयर डेफिनेटली." सर 'नेक्स्ट इयर' अशा थाटात म्हणतात, की जणू ते त्यांच्या खिशातच आहे, फक्त सुट्टे नाहीत.

हेमलता मिस शेजारीच पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ह्या दहावीत. दहावीच्या मुलींना कोण सोडतंय? मी येते."

म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. पण बोललेलं मागे घ्यायची सवय नव्हती.

आता एक अट होती. नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शिक्षक का असेना, आधी शहराबाहेरच्या तलावात होडी उलटी करून तिच्यातून सुटून दाखवायचं. चामराजपेटला घरी त्यांच्या नवऱ्याने, व्यंकोजींनी, हे ऐकलं. केस धुताना डोक्यावर तांब्या घेतला तरी ओरडते ही, असं काहीसं ते पुटपुटले. मिस कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाल्या आणि नवऱ्याची ट्रॅकपँट कुठे आहे ते विचारलं.

तलावावर शिकवायला शिवाप्पा होता, निपाणीकडचा. त्याने मिसच्या कमरेला रबरी पडदा बांधून तो होडीच्या तोंडावर ताणून बसवला. आत पाणी येत नाही, पण माणूसही अडकतो. "उलटला की म्होरचा पट्टा ओढायचा, सुटायचं, होडी धरून काठाला यायचं. आणि वल्हं सोडायचं नाही बघा, मॅडम."

मिस उलटल्या. सुटल्या नाहीत. शिवाप्पाने ओढून वर काढलं तेव्हा नाकातोंडातून तलाव गळत होता. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. काठावर मुलींचे चेहरे पडले. रघुनंदन सर मायेने म्हणाले, "मॅडम, यू ट्राइड. नेक्स्ट इयर..."

"पट्टा का ओढत न्हाईसा?" शिवाप्पाने विचारलं.

"ओढू कुठल्या हाताने?" मिस खोकत म्हणाल्या. "एका हातात वल्हं. दुसऱ्या हाताने चष्मा धरलाय."

शिवाप्पा कपाळावर हात मारून म्हणाला की जीव गुदमरताना वल्हं सोडलं तरी चालतं, ते तरंगतं. मिस भडकल्या. मग तशी सूचना द्यायची! सूचनेत 'सोडायचं नाही' म्हटलं तर माणूस सोडणार नाही. वर्गात त्या हेच तर सांगत आल्या होत्या, प्रश्नात काय लिहिलंय ते नीट वाचा.

वल्ह्याचं मिटलं, चष्म्याचं राहिलं. तो काढला की मिसना तलाव आणि आभाळ एकच. काठ कुठे हे दिसणार कसं?

नववीतल्या शाल्मलीने हात पुढे केला. "मिस, चष्मा द्या. वी विल शाउट ना, तुम्ही आवाजाकडे या."

"काय ओरडणार?"

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी सतराचा पाढा सुचवला.

मिस चौथ्यांदा उलटल्या. खाली हिरवा अंधार होता, कानात गच्च पाणी, आणि छातीत ती जुनी भीती, जशीच्या तशी. त्यांनी तिला घालवायचा प्रयत्नच केला नाही. वल्हं सोडलं, होडीच्या कडेने हात पुढे नेला, पट्टा सापडला, ओढला. वर आल्या तर सगळीकडे नुसता पांढरा पडदा. पण डावीकडून आवाज येत होता, सेव्हन्टीन फाइव्हज् एटी-फाइव्ह. एका हाताने होडी धरून मिस तिकडे पाय मारू लागल्या. अर्ध्या वाटेत दम संपला, पाय जड झाले. त्यातच काठावरचा कोरस 'सेव्हन्टीन एट्स'ला अडला.

"वन थर्टी-सिक्स," पाण्यातून खरखरीत आवाज आला. "पुढे चला."

पाढा पुढे गेला, मिसही. पायाला चिखल लागला तेव्हा मुली नाचत होत्या, आणि शिवाप्पाने अंगठा दाखवला. "पास बघा, मॅडम."

मिसनी चष्मा घातला, पुसला, परत घातला. मग तो पुन्हा काढून शाल्मलीच्या हातात दिला आणि होडीचं तोंड पाण्याकडे वळवलं.

"एकदा नशिबानंही जमतं," त्या म्हणाल्या. "नदीत पोरी माझ्या भरवशावर असणार. शिवाप्पा, परत उलटा मला."