गच्चीच्या करारातलं शेवटचं पान

कागद पुढ्यात आला की आमचे वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवत आणि पक्षकाराला विचारत, "यात तुमचं नाव कुठंय?" नाव नसलं की कागद परत. "मग तुमी तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला करार वळखत नाय."

अदालत रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात मी चौदा वर्षं टायपिंग केलं. बांधकामाचे करार हे त्यांचं खास काम. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या कागदातला स्वल्पविराम पकडतील, स्वतःचा डबा मात्र रोज रिक्षात विसरतील.

एका बिल्डरसाठी त्यांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा करार लिहिला. ठेकेदाराची बिल्डरला दहा वर्षांची हमी. शेवटी एक वेगळं पान होतं: ठेकेदारानं हीच हमी प्रत्येक फ्लॅट घेणाऱ्याला त्याच्या नावानं लिहून द्यायची. बिल्डर म्हणाला, "ते पान कशाला?" साहेबांनी काढून टाकलं. पुढे त्याच इमारतीत, गच्चीखालीच, स्वतः फ्लॅट घेतला. साऱ्या गावाचे कागद तपासणाऱ्या माणसानं तेवढा करार पुन्हा उघडला नाही. आपणच लिहिलेलं कोण वाचतं!

सोयगावहून साहेबांची आई मोठ्या मिनतवारीनं राहायला आली होती. सातव्या पावसाळ्यात तिच्या खोलीचं छत गळू लागलं. बिल्डरची जबाबदारी पाच वर्षांची, ती संपलेली. साहेबांनी ठेकेदाराला ऑफिसात बोलावलं. पैठणचा अदबशीर माणूस. चहा संपवून म्हणाला, "साहेब, माझा करार बिल्डरसंगं. तुमी तर तिऱ्हाईत. तुमीच शिकवलं की!"

साहेबही हसले. मी तर तोंडाला पदर लावला. पण दुसऱ्याकडून केलेली दुरुस्ती टिकेना. ओलीनं आईचा दमा बळावला. "लई झालं बाबा तुझं शहर," म्हणून ती सोयगावला गेली, ती परत आलीच नाही. त्यावर मात्र साहेबांनी कधी विनोद केला नाही.

तेव्हापासून ते पान प्रत्येक करारात. बिल्डर कुरकुरले, काही सोडूनही गेले. "पान ऱ्हाईल. नायतर दुसरा वकील बघा."

साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली. ऑफिस आता त्यांचे ज्युनिअर चालवतात, मी अजून तिथंच टायपिंग करते. परवा एक अनोळखी बाई हमीचं पान घेऊन आली. खाली आमच्या ऑफिसचा शिक्का. तिच्या घरचं छत गळत होतं, ठेकेदार दाद देईना. तिनं हे पान पुढे केल्यावर मुकाट्यानं काम करून गेला.

"सासूबाई गावाला निघाल्या होत्या," ती म्हणाली. "आता ऱ्हायल्या. ज्यांनी हे लिहिलं, त्यांना भेटायचं होतं."

साहेब गेले तेव्हा धावपळीत मला रडायला सवड झाली नव्हती. त्या बाईला बसा म्हणायचंही राहिलं, आणि मी तिच्यासमोर रडले.