तिसऱ्या दुरुस्तीतला हात

मोबाइलवर गेमची जाहिरात येते, ती अर्धा मिनिट खेळून बघता येते आणि मग ‘डाउनलोड करा’ असा आग्रह सुरू होतो. इंदिरानगरमधल्या आमच्या ऑफिसात अशा जाहिराती बनतात. आम्ही त्यांना ‘अनुभव’ म्हणतो. दारावर तशी पाटीही आहे. माझं काम पाटीइतकं थोर नाही. कुठल्या मोहिमेची कितवी दुरुस्ती कुठे ठेवली आहे, हे मी सांभाळतो. दहा-बारा दुरुस्त्यांनंतर ग्राहक हमखास म्हणतो, ‘मधली एक बरी होती.’ म्हणून आम्ही काहीच टाकत नाही. प्रत्येक दुरुस्ती एका जुन्या फोनवर चढवून तपासायची आणि फोनच्या पाठीवर तिच्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची.

वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते.

“काहीच टाकत नाही?” ते म्हणाले. “आमच्याकडे नापास पार्टला आधी लाल पट्टा मारायचा. चुकून विमानात बसवला गेला म्हणजे?”

“आमचं विमान पडत नाही, दादा.”

“उडतं तरी का?”

जाहिरात सुरू झाली की कुठे दाबायचं ते दाखवायला पडद्यावर एक हात येतो. फळं जुळवायच्या एका खेळासाठी आमच्या चित्रकार मुलीला नमुना हवा होता, म्हणून मी वडिलांच्या हाताचा फोटो नेला. त्यांची तर्जनी पूर्वी कधीतरी मशीनमध्ये सापडून वाकडी झालेली. मुलीने ती वाकडीच काढली. तिसऱ्या दुरुस्तीत तो हात आला.

घरी नेऊन दाखवला, तर वडील खूश. “म्हणजे आता माझं बोट जगाला शिकवणार!” संध्याकाळी बागेतल्या सगळ्या मंडळींना सांगून आले.

चौथ्या दुरुस्तीसाठी ग्राहकाने लिहिलं: हात जरा प्रसन्न हवा. प्रसन्न म्हणजे गोरा, तरुण आणि सरळ, हे आमच्या धंद्यात विचारावं लागत नाही. मी एका शब्दाने विरोध केला नाही. घरी सांगायचं धाडस मात्र झालं नाही. तिसऱ्या दुरुस्तीचा फोन घरी आणला, पाठीवरची चिठ्ठी खरवडून काढली, वर कव्हर चढवलं आणि तो त्यांना दिला. “हीच चालू आहे सध्या.”

ते रोज जेवण झालं की ती खेळायचे. स्वतःच्याच बोटाने दाखवलेल्या जागी बोट ठेवायचे.

एकदा म्हणाले, “बागेत एकाच्या मोबाइलवर तुझी जाहिरात आली. हात वेगळा होता.”

“देशाप्रमाणे हात बदलतात, दादा.”

“मग आपला देश कुठला?”

मी काहीतरी सांगितलं.

“असेल,” ते म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दिवस-कार्य उरकल्यावर ऑफिसातून निरोप आला: मधली दुरुस्ती पुन्हा बघायची आहे, फोन हवा. मी कव्हर काढलं. पाठीवर, जिथून मी चिठ्ठी खरवडली होती नेमकं तिथे, लाल पट्टा होता. कडा पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ.

बायकोने बघितलं. “अगंबाई, माझं नेलपॉलिश! बागेतून आल्या आल्या मागून घेतलं होतं त्यांनी. खूण करायचीये म्हणाले. झालं असेल की सहा महिने.”

म्हणजे सहा महिने ते नापास माल खेळत होते. सुट्टीच्या दिवशी मी समोर बसलेला असलो, की जरा जास्तच मन लावून.