वैशाख वद्य चौथ

झाडाला छिन्नी लावण्याआधी देवचंदआप्पा पायांतल्या चपला काढून ठेवत. तोरणमाळच्या घाटात, भर उन्हाळ्यात, तापलेल्या खडकावर. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "आपन त्यानं कातडं सोलतस, सर. चप्पल तं काढानी ना."

आप्पा आमच्या शहाद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. म्हसावदचे, अंगाने काटक, बोलायला कमी. मी तिथेच शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. विषय असा: सागाची पानं गळतात, उन्हाळाभर झाड उघडं राहतं, मग त्या वर्षाचं नवं लाकूड धरायला सुरुवात होते ती पालवी आल्यावर की आधी? मला वाटे, यात विचारण्यासारखं काय आहे? पानं अन्न करतात, अन्नाशिवाय लाकूड कुठून येणार?

आप्पा मान हलवायचे. "आधी नळ बसाडतस, मंग पानी सोडतस. पानं आधी फुटनात तं त्यास्ले पानी कोन पाजी?"

"आणि नळ बसवायला माल कुठला, आप्पा?"

"मांगला वरीसना. झाड काय रोज कमाई रोज खास का?"

मी हे ऐकून सोडून दिलं. शिपायाकडून शास्त्र शिकायचं, एवढा मी खाली आलो नव्हतो. असं तेव्हा वाटत होतं, आज लिहिताना कान तापतात.

दर पंधरवड्याला वर जाऊन ठरलेल्या बारा झाडांचा सालीसकट बोटभर तुकडा काढायचा, स्पिरिटच्या बाटलीत घालायचा, साल घट्ट आहे की सुटते आणि पालवी आहे की नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, असं काम होतं. आत नवं लाकूड धरू लागलं की साल ओली होऊन सहज सुटते. काम माझं, जात होते आप्पा. ऊन, घाट, वेळेवर न येणारी बस. मी एप्रिलच्या मध्यावर एकदाच गेलो. झाडं उघडी होती आणि साल लाकडाला अशी चिकटलेली की छिन्नी निसटून माझंच बोट कापलं. आप्पांनी आधी झाडाच्या जखमेला ओली माती थापली, मग माझ्या बोटाकडे पाहिलं.

जूनमध्ये मी चिठ्ठ्या जुळवायला बसलो. आप्पा तारीख लिहीत नसत, तिथी लिहीत. प्रयोगशाळेच्या भिंतीवर खेतियाच्या एका किराणा दुकानदाराने वाटलेलं कॅलेंडर होतं, त्यावरून मी तारखा काढल्या. एका बाटलीवर होतं: वैशाख वद्य चौथ, साल सुटली, पान नाही. कॅलेंडरात ती चौथ निघाली एप्रिलच्या मध्यावर, मी गेलो त्याच आठवड्यात. माझं डोकं फिरलं. म्हसावदला शेतांच्या बांधांवर साग आहेत, पाटाचं पाणी पिणारे, त्यांची साल लवकर सुटते. आप्पांनी घाट चढायचा टाळून तिथलेच तुकडे भरले, असं मी ठरवून टाकलं.

विद्यार्थ्यांसमोर विचारलं, "आप्पा, हे घरी बसून केलंत ना?"

"सर, मी घर बशीसन लिखेल नई."

मी प्राचार्यांकडे गेलो. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाला नोकरीतला पहिला मेमो मिळाला आणि त्यांना प्रयोगशाळेतून काढून पाण्याच्या टाक्यांवर टाकलं. ते रोज माझ्या खिडकीखालून जात. नमस्कार चुकवला नाही एकदाही. मीच मान वळवायचो.

पुढल्या वर्षी सगळ्या फेऱ्या मला कराव्या लागल्या. मेच्या मध्यावर झाडं उघडी होती, कळ्या मिटलेल्या, आणि साल हाताने सुटून आली. सूक्ष्मदर्शकाखाली नव्या लाकडातली मोठ्या छिद्रांची पहिली रांग लख्ख दिसली. पाणी वर नेणारे नळ. पान एकही नाही. घरी येऊन बायकोच्या कालनिर्णयावर तिथी पाहिली: वैशाख वद्य. मग लक्षात आलं. खेतिया मध्य प्रदेशात. तिकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा वद्य पक्ष आपल्यापेक्षा एक महिना आधी येतो. हे आमच्या आईलाही ठाऊक होतं. मी आप्पांची चौथ महिनाभर मागे ओढली होती आणि त्यांना लबाड ठरवलं होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेमो मागे घ्यावा लागला असता, आणि कशामुळे तेही सांगावं लागलं असतं. प्रबंधात लिहिलं, 'लेखकाच्या निरीक्षणानुसार'. पदवी मिळाली. शाल, नारळ, सगळं झालं.

गेल्या हिवाळ्यात आप्पा आजारी असल्याचं कळलं. सांगून टाकायचंच, असं ठरवून म्हसावदला गेलो. खाटेवर उठून बसले, सुनेला चहा ठेवायला लावला. माझ्या पदवीचं त्यांनी कौतुक केलं. मग म्हणाले, "सर, एक इचारू? तवय मन्हं काय चुकनं व्हतं? मी लई इचार करा. माले ते सापडनं नई."

दारात सून चहा घेऊन उभी होती. मी म्हणालो, "जाऊ द्या आप्पा, जुनी गोष्ट आहे. मी तर केव्हाच माफ केलं."

आप्पांनी हात जोडले. पंधरा दिवसांनी ते गेले.