द्राक्षाचा सोडा

मंगळवारी सकाळी हे गेले. दुपारी अमरावतीहून माझा भाऊ आला. संध्याकाळी विहारातली माणसं घरी जमली, वंदना झाली. मग कुणीतरी उठून म्हणालं, मिस्त्रींनी जन्मात दारूला हात लावला नाही. एकदा त्या जर्मनानं फसवून पाजली, तेवढीच. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

फसवलं कुणी, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — तेही मला नीट ठाऊक नाही.

हे अकोल्यात एका मिलमध्ये फिटर होते. शाळा चौथीपर्यंत. मी मॅट्रिक झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून वस्तीतली रविवारची वंदना हेच सांगत. आधी हे म्हणत, मागून लोक. यांचे वडील दारूपायी गेले होते. म्हणून असेल — दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील हे जरा थांबून, सावकाश म्हणत.

पुढे मिलमध्ये नवी यंत्रं आली आणि ती बसवायला एक जर्मन साहेब आला. यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला यांची. तरी दोघं दिवसभर हातवारे करून बोलत, हसत. दारूबंदी होती, पण त्या परदेशी माणसाकडे परवाना होता. काम संपत आलं तेव्हा त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. मलासुद्धा.

ती दुपार कशी सांगू? घरी मी सगळ्यांना वाढून मग चुलीपाशी बसून जेवायची. तिथे मी यांच्या शेजारी खुर्चीवर होते, आणि साहेबाची बायको मला वाढत होती. एक पदार्थ झाला की गप्पा, मग दुसरा. कुणालाच घाई नव्हती. साहेबानं बर्फाच्या बादलीतून बाटली काढली. बूच उडालं तसे हे दचकले, मग हसले. गोटीचा सोडा फुटावा तसाच आवाज, फक्त मोठा. पेल्यांत बुडबुडे चढू लागले. यांनी बाटली हळूच माझ्याकडे सरकवली.

"तू शिकली हायेस. वाच बरं. दारू त नाई ना?"

लेबलाच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती. 'वाईन' हा शब्द मला वाचता येत नव्हता का? — येत होता. पण खरं सांगितलं असतं तर हे हात जोडून उठले असते. मीही उठले असते. जेवण तिथेच संपलं असतं.

"द्राक्षाचा सोडा हाय," मी म्हटलं.

हे प्याले. मीही प्याले — गार, आंबूस, नाकात चढणारं. यांनी दुसरा पेला घेतला. आपल्या आईविषयी बोलू लागले, जे घरी कधी बोलत नसत. चारचौघांत यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. मी बाटली फिरवून लेबल भिंतीकडे केलं. नंतरही पुन्हा पुन्हा तिकडेच पाहत राहिले.

यांनी कौतुकानं त्या सोड्याची गोष्ट मिलमध्ये सांगितली. तिथला एक कारकून हसला म्हणे. "काय मिस्त्री, जर्मन दारू ढोसता अन् आमाले शील सांगता?"

हे घरी आले. बाटलीवर काय लिहिलं होतं, एवढंच विचारलं. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का? मी म्हटलं, जर्मन अक्षरं, मला काय कळणार — मॅडमच सोडा म्हणाल्या.

साहेब निरोप घ्यायला घरी आला, तेव्हा हे आतल्या खोलीत बसून राहिले. मी दारात जाऊन हातानंच सांगितलं, घरी नाहीत. त्यानं उंबऱ्याजवळच्या यांच्या चपला पाहिल्या. मला नमस्कार केला आणि गेला.

भंतेजी यांना म्हणाले, नकळत घडलं, त्यात तुमचा दोष नाही. यांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "माया दोष नाई म्हणतात. पन ज्यानं जानून पाजली, त्याचं काय?"

मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

त्यानंतर यांनी वंदना कधी सांगितली नाही. शेवटच्या रांगेत उभे राहत, शेवटपर्यंत.

आता रविवारी मी एकटीच विहारात जाते. त्या दुपारची चव मला अजून आठवते, आणि ती मला आवडते.