एकोणऐंशी खोल्यांची पाहणी

नुसता रोगी नव्हे, सबंध वस्ती सांभाळायला डॉक्टरांना शिकवायचं असं पालिकेनं ठरवलं, आणि ते शिकवणारी खरी मिळाली ती नायगावच्या बीडीडी चाळीतली जाईबाई सुईण. शिक्षण इयत्ता तिसरी. पण मोठमोठ्या पदव्यांचे डॉक्टर तिच्यामागून जिना चढायचे ते कोंबडीच्या पिलांसारखे; पिलांनी टाय लावलेले, एवढाच फरक.

"कोण आजारी, असं विचारायचं नाही," ती दरवर्षी दटावायची. "संयुक्त महाराष्ट्र मिळेपर्यंत इथं कुणाला आजारी पडायला सवड नाही. फळीवर बघा. एक कप बाजूला, पालथा दिसला की घरात क्षय."

गिरगावच्या डॉक्टर ॲलॉयशियसनं पहिल्याच घरी कपाकडे बोट दाखवलं. "हा कुणाचा?"

"पाव्हण्यांचा," घरची बाई म्हणाली. "द्यू त्यात चहा?"

त्याचा चेहरा पाहून जाईबाई हसून हसून कठड्याला टेकली.

महिन्याभरात त्यानं अकरा कप हुडकले. अकरा जणांना वेळेत इंजेक्शनं सुरू झाली. शेवटच्या दिवशी तो तिच्याच दारात उभा राहिला. "मावशी, ऐंशीवी खोली राहिली."

"माझी झडती घेतोस व्हय रे? बस, चहा पी."

तिच्या लेकीनं, शांतानं, दोघांपुढे चहा ठेवला. स्वतः घेतला नाही. ॲलॉयशियसनं न तपासताच 'निरोगी' लिहिलं.

शांता आईचीच लेक. कप फळीवर ठेवायचा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो तिनं पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या पांढऱ्या साडीखाली लपवला होता. बुद्धपौर्णिमेला लग्न ठरलं होतं. बोभाटा झाला तर मोडलं असतं. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा आईला कळलं, आणि तोवर औषधांना उशीर झाला होता.

एक मे रोजी महाराष्ट्र मिळाला आणि चाळीत पेढे वाटले गेले. शांताला जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. ॲलॉयशियस 'निरोगी' लिहिलेली वही घेऊन उंबऱ्याशी आला.

"तुझं काय चुकलं रे," जाईबाई म्हणाली. "मीच तुला बसवलं."

जूनमध्ये नवे डॉक्टर आले. जाईबाई जिन्याकडे वळलीच नाही. तिनं आपल्याच खोलीचं कुलूप काढलं.

"माणसं किती?" एकानं वही उघडून विचारलं.

"एक, लिहा." मग तिनं पेटी पुढे ओढली. "आणि ही उघडून बघायची. मी नको म्हणाले तरी."