मागच्या खोलीतून आलेलं उत्तर

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत तर अजिबात नाही. यंत्र एक तर चालतं, नाहीतर बंद पडतं... इतकं साधं वाटायचं मला.

मी पाटोद्याला मेंढपाळांच्या एका संस्थेत वेबसाइट सांभाळते. मेंढपाळ तिथे प्रश्न विचारतात — लस कधी टोचायची, मेंढरू लंगडतंय तर काय करायचं. डॉक्टरांनी लिहून ठेवलेली उत्तरं मागच्या खोलीतल्या दोन सर्व्हरवर असतात. पुढे एक छोटा कॉम्प्युटर आहे, रिव्हर्स प्रॉक्सी. त्याचं काम खिडकीवरच्या कारकुनासारखं. प्रश्न घ्यायचा, मागे जो मोकळा असेल त्याला द्यायचा, उत्तर आणून हातात ठेवायचं. त्याच्याकडे स्वतःचं उत्तर नसतं. आणि मागे कोण बसलंय, ते विचारणाऱ्याला कधीच दिसत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी विजेच्या झटक्यानं दोन्ही सर्व्हर गेले. मी स्वतः वायरी काढून ते दुरुस्तीला बीडला पाठवले. पुढचा तेवढा चालू ठेवला, म्हणजे लोकांना निदान 'सेवा बंद आहे' एवढं तरी दिसेल. मोबाइलवर उघडून बघितलं, तसंच दिसत होतं.

दोन दिवसांनी नांदूरघाटकडचे धोंडिबामामा ऑफिसात आले.

"मॅडम, लई उपकार झाले," ते म्हणाले. "काल लशीचं इचारलं, तर उत्तर आलं — आज वढ्याचं पाणी पाजू नका, मेंढरं माळाला न्या. म्या नेली. मेव्हण्याची मेंढरं वढ्यावर गेलती... निम्मी मेली. वरच्या अंगाला कुणी तरी फवारणीचं औषध सांडलं हुतं."

मी प्रॉक्सीवरच्या नोंदी तपासल्या. काल त्यांचा प्रश्न आला होता. उत्तरही गेलं होतं. ते कुठून आणलं, ती जागा मात्र कोरी... मला वाटलं, एखादं जुनं पान साठून राहिलं असेल. पण त्या ओढ्याबद्दल आमच्याकडे कुणी कधी काही लिहिलंच नव्हतं.

"मामा, ते उत्तर दाखवता का जरा?"

"दावायचं काय त्यात? मला कुटं वाचता येतंय. सूनबाई प्रश्न टाकून रानात गेलती, मोबाइल माझ्या हातात हुता. त्यातून बाई बोलल्या की."

आमच्या साइटला आवाज नाही. नुसतं लिखाण आहे.

मामा सहज सांगत होते, "म्या इचारलं बी, बाई तुमी कोण? तर म्हनल्या — उत्तर मिळालं ना तुमाला? मग मागं कोण हाय ते कावून इचारता?"

सर्व्हर दुरुस्त होऊन आले, साइट नीट चालू आहे. बीडच्या इंजिनिअरला सगळं दाखवलं, आमच्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांना उलगडा झाला नाही, मलाही अजून झालेला नाही.

फक्त मागच्या खोलीत जाताना मी आता दार वाजवते... आणि क्षणभर थांबते.