पान्याचं नाव

भाऊंनी स्वतःच्या गळ्यातलं उपरणं काढलं आणि भर स्टेजवर माझ्या डोक्यावर पदरासारखं टाकलं. माईक माझ्या तोंडाशी धरला. म्हणाले, "हं, हो म्हातारी. काढ हिचा आवाज."

ती म्हातारी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. हौसाआत्या. रक्ताची नाही, वस्तीची आत्या. आई मजुरीला गेली की मी हिच्याच ताटात जेवायचो. मी वाकलो. कमरेवर हात ठेवला. तिचा आवाज काढला. मांडव हसला. मी तेव्हा सदतीस वर्षांचा होतो. अजाण होतो म्हणायची सोय नाही.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडं. वस्तीसाठी पाण्याची टाकी बांधली होती. उंच, निळी. पाइपलाइन काही आली नाही. पण टाकी तयार आणि निवडणूक तोंडावर, थांबतंय कोण? भाऊ आमचे पुढारी, त्यांनी जलपूजन ठेवलं. जलच नव्हतं. मग कार्यकर्त्यांनी कळशीत बाटलीबंद पाणी ओतलं. गुरुजींनी मंत्र म्हटले. भाऊंनी हळदकुंकू वाहिलं. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. रिकाम्या बाटल्या वस्तीतल्या बायकांनी पदरात भरून नेल्या.

मला हसू आलं होतं. दाबलं. माझा धंदा हसवण्याचा. भाऊ येईपर्यंत गर्दी धरून ठेवायची. एस.टी. कशी चढ चढते, कुकर कसा शिट्टी देतो, विरोधी पुढारी कसा अडखळतो, सगळं तोंडानं. नऊ वर्षं हेच करत होतो. लोक म्हणायचे, भाऊंचा माणूस. मला ते बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

पूजेनंतर बायकांसाठी उखाण्यांची स्पर्धा. बक्षीस पैठणी. विधवांना कुणी बोलावत नाही अशा वेळी. हौसाआत्या आपली आपणच चढून गेली. वस्तीतल्या प्रत्येक लग्नात विहिणीची थट्टा करायची ती. जोडून जोडून गाणी म्हणायची, नवरदेवाच्या बापालाही सोडायची नाही, आणि ज्याची थट्टा व्हायची तोच जास्त हसायचा.

माईकवरची मुलगी म्हणाली, "आजी, उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं."

आत्या म्हणाली, "मरून वीस वरसं झाली त्याला. त्याचं नाव घिऊन काय मिळायचं? मी पान्याचं घेते."

आणि घेतलं.

"टाकी बांधली उंच, तिला रंग दिला निळा,
पान्याचं नाव घेते, कोरडा माझा गळा."

मग बायका हसल्या. पोटातून. एकमेकींच्या मांडीवर थापा मारत. नऊ वर्षांत तसं हसू मला एकदाही मिळालं नव्हतं. मागं बसलेले पोलीससुद्धा हसले.

भाऊ चिडले नाहीत. ते हुशार. म्हातारीला दटावलं तर बायका उठून जातील, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मला खूण केली. उपरणं माझ्या डोक्यावर आलं. मी "पानी, पानी, पानी" करत कोंबडीसारखा स्टेजभर फिरलो. भाऊ माईकवर म्हणाले, "आधी ण म्हणायला शिका म्हणावं, मग पाणी मागा!"

त्याच बायका हसल्या. घटकेपूर्वी तिच्याबरोबर हसलेल्या. त्यांच्या घरातही पानीच म्हणतात. माझ्याही.

आत्या बांबूला धरून एकेक पायरी खाली उतरली. कुणी हात दिला नाही. मीही नाही.

कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. आठ दिवसांत घरोघरी पोचलं. आत्या दिसली की पोरं कमरेवर हात ठेवून "पानी, पानी" करायची. माझी मुलगीही करायची. लग्नात बायकांनी गाण्याचा आग्रह केला तर आत्या म्हणायची, "माझं बोलनं शुद न्हाई गं." मग तेवढंही बंद झालं. टँकरवर मी पाहिलं, ड्रायव्हरनं विचारलं किती हंडे, तर तिनं दोन बोटं दाखवली. तोंड उघडलं नाही.

तिचं बोलणं गेलं आणि माझ्या गळ्यात येऊन बसलं. बायकोला हाक मारावी तर हौसाआत्याच बाहेर यायची. दाढी करताना आरशात माझे ओठ तिच्यासारखे वळायचे. मी दाढी वाढवली.

पुढं भाऊंच्या सोयऱ्यांच्या प्रचाराला राहात्याला गेलो. मी स्टेजवर येताच गर्दी ओरडायला लागली, "म्हातारी! म्हातारी!" भाऊंनी उपरणं काढलं. मी त्यांचा हात धरला. माईकवर म्हणालो, "ती माझी आत्या हाय. तिची नक्कल व्हनार न्हाई."

लोक हसले. त्यांना वाटलं, सुरुवात झाली.

मी पुन्हा म्हणालो. आणखी हसले. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझा आवाज फाटला, आणि टाळ्या पडल्या. मी माईक खाली ठेवला आणि उतरलो. शिट्ट्या वाजत होत्या. खरं बोलायला गेलो आणि मला कुणी खरं धरलं नाही. ही किंमत मीच ठरवून ठेवली होती.

गाडीत भाऊ भडकले. "तुला बोलता कुणी केला रे? तुझ्यासारखे छप्पन मिळतील." मग ड्रायव्हरकडं हात केला. "पानी दे रे!"

पानी म्हणाले. गाडीत पाच माणसं होती. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या दारात गेलो. ती बाजरी निवडत होती. पाया पडायला वाकलो, तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. सून म्हणाली, "त्या तुमच्याशी बोलायच्या न्हाईत. जावा तुमी." मी निघालो. तिनं माफ करावं असं मी काही केलेलं नाही.

आता त्याच टाकीचा पुन्हा कार्यक्रम आहे. पाणी अजून नाही. टाकीला भाऊंच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलंय. भाऊंचा निरोप आला, झालं गेलं विसर, ये. पोट आहे, मुलगी शिकतेय, सगळं खरं. तरी मी कळवलं, स्टेजवर येणार नाही.

मी खाली बसणार आहे, बायकांच्या मागं. भाऊ बोलायला उठले की मीही उठणार. त्यांचं खाकरणं, ते मान तिरकी करणं, "माझ्या मायबहिणींनो"मधला ओला सूर, रागात सुटणारा तो न, नऊ वर्षं बाजूला उभं राहून सगळं माझ्या जिभेवर आहे. लोक हसतील. या वेळी कुणाला हसतायत ते त्यांना कळेल.

मारतील. बायको म्हणते, "नका जाऊ. हातपाय मोडतील तुमचे."

मोडू देत. मी जाणार आहे.